रेडिएटरातली हळद

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं नातं बॉनेटखालचं. बॉनेट उघडं असलं की आम्ही दोघं माणसं असायचो. ते खाली पडलं की मी पुन्हा जावई आणि ते पुन्हा मामा. आमच्या हिंगोलीकडं सासऱ्याला मामाच म्हणतात.

जावयाचं आमच्याकडं काय होतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. माणूस बायकोच्या माहेरी पोचला की त्याचा पुतळा होतो. त्याला बाजेवर बसवतात, बाजेवर नवी चादर टाकतात, आणि मग तिथून त्याला हलू देत नाहीत. एकदा मी पाय धुवायला म्हणून हौदावरची बादली आपल्या हातानं उचलली, तर मामींनी घरातून अशी हाक मारली की मला वाटलं बादलीत साप आहे. "अवो, पाव्हण्यानं बादली उचलली! घरात कुणी हाय का न्हाई?" तेव्हापासून मी तिथं चमच्यापेक्षा जड वस्तू उचललेली नाही.

आणि बोलणं? लग्नानंतर कित्येक वर्षं मामांचं नि माझं बोलणं ठरलेलं होतं.

"कवा निघाला व्हतात?"

"सकाळीच."

"पाऊस हाय का तिकडं?"

"हाय थोडा."

"दुकान बराबर चालून राहिलं ना?"

"व्हय."

"च्या घ्या."

उन्हाळ्यात पावसाच्या जागी ऊन यायचं, एवढाच बदल. चहा झाला की दोघंही समोरच्या लिंबाकडं बघत बसायचो. ते लिंबाचं झाड मी इतकं बघितलंय की त्याची फांदी न् फांदी मला पाठ आहे.

मामांचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली. शेतात हळद. हळद चांगली झाली त्या एका वर्षी त्यांनी पांढरी गाडी घेतली होती, आणि मग त्या गाडीनं सगळ्या गावाची कामं केली. बाळंतीण दवाखान्यात न्यायची, नवरदेव वेशीपासून मांडवापर्यंत आणायचा, मास्तरांची बदली झाली की त्यांचं कपाट टपावर बांधायचं. गाडी मामांशिवाय कुणी चालवली नाही आणि मामांशिवाय कुणी खोलली नाही. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काही बाबतीत ते बरोबर असायचे, काही बाबतीत ठार चूक. पण दोन्ही वेळेला आवाज सारखाच ठाम.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. माझं हिंगोलीत औषधांचं दुकान आहे, त्यामुळं डोळ्यांचे थेंब मीच पाठवायचो. पण थेंबांनी आहे तेवढंच टिकतं, गेलेलं परत येत नाही. एक दिवस त्यांनी कालव्याच्या पुलाच्या कठड्याला गाडी घासून आणली. घरी आले, किल्ली खुंटीला अडकवली आणि हात धुवायला गेले. त्यानंतर त्यांनी ती किल्ली खाली काढली नाही.

ती काढली धोंड्याच्या महिन्यात. अधिक मास आला की जावयाला जेवायला बोलवून वाण द्यायची आमच्याकडं रीत आहे. कुणाला चांदीचं ताट मिळतं, कुणाला अंगठी, साध्या माणसाला निदान कापडं. मी अनारशांवर ताव मारून बसलो होतो, तर मामा चाचपडत आले आणि माझ्या ताटाशेजारी ती किल्ली ठेवली.

"गाडी तुमची," ते म्हणाले. "भंगारवाला दोनदा येऊन गेला. त्याला देण्यापरीस तुमाला बरी."

म्हणजे माझा नंबर भंगारवाल्याच्या वर लागला होता. सासुरवाडीत माझी अशी जाहीर स्तुती आधी कधी झाली नव्हती.

"पर एक बोली करा," मामा पुढं म्हणाले. "हिला काय बी झालं तर आदुगर मला इचारायचं. मंग गॅरेज."

मी व्हय म्हणालो. जावई सगळ्यालाच व्हय म्हणतो.

आता माझं गाडीविषयीचं ज्ञान सांगतो. गाडीला चार चाकं असतात आणि पाचवं मागं झोपलेलं असतं, इथवर मी स्वतः पोचलो होतो. लोकांना दिवसभर 'जेवणाआधी की जेवणानंतर' सांगणारा मी, मला गाडीला तेल कधी द्यायचं ते माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी मामांना फोन लावला.

"मामा, पाण्याची टाकी भरली. हिरवं पाणी आणलं होतं, तेच टाकलं."

"कुठली टाकी?"

"पुढची. निळ्या झाकणाची."

मामा हळूच म्हणाले, "पाव्हणं, वायपर मारून पाहा बरं."

मी वायपर मारला. समोरची काच हिरवी झाली, चिकट झाली आणि तिच्यावर त्याच क्षणी सगळ्या हिंगोलीतली धूळ येऊन बसली. काच धुवायच्या टाकीत मी रेडिएटरचं कूलंट ओतलं होतं. बायको शेजारी बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्यांदा तेलाचं झालं. मामांनी सांगितलं होतं, इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, मग बघा. मी पट्टी काढली, पुसली आणि पुसलेल्या पट्टीकडंच बघितलं. तेल अजिबात दिसेना. मी घाबरून अख्खा डबा ओतला. मग गाडी अशी धूर सोडायला लागली की आमच्या गल्लीत डासांचा फवारा आला म्हणून लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

हे ऐकल्यावर मामांच्या तोंडून पहिल्यांदा ते निघालं.

"आरं येड्या, पुसल्यावर पुन्ना घालायची असती ती!"

पाठीमागं मामींच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला. "अवो! जावयाला येड्या म्हणून राहिले तुमी?"

"येड्याला येड्या न्हाई तर काय म्हणू? डबाभर तेल वतलं त्यानं!"

मी फोन कानाला लावून उभा होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माणसासारखं बोललं होतं. पुतळ्याला कुणी येडा म्हणत नाही.

तिथून आमचं सुरू झालं. दुकान बंद करून घरी आलो की मी गाडीपाशी उभा राहून मामांना फोन लावायचो. सकाळी सुरू व्हायला कुंथते, काय करू? बॅटरीच्या टोकांवर पांढरं फूल आलंय, पुसू का राहू देऊ? ब्रेक दाबला की किरकिर करते. स्टेअरिंग डावीकडं ओढतं. स्टेपनीत हवा कधी बघायची? आणि मामा सांगायचे. बॅटरीवर गरम पाणी टाका, पर आदुगर वायर काढा, न्हाई तर तुमीच पेटसाल. टायर पुढचे मागं घाला. टाकीला चीर पडली तर साबणाची वडी घासा, पेट्रोल तिला काय करत न्हाई.

मधूनच म्हणायचे, "फोन इंजिनापाशी धरा."

मी फोन बॉनेटखाली धरायचो. तिकडं बाजेवर बसून ते ऐकायचे. डोळे गेले होते, पण कान तयार होते. बराच वेळ ऐकून निकाल द्यायचे. "टॅपेट वाजून राहिले." एकदा त्यांनी मला तीन दिवस इंजिनातल्या त्या टॅपेटच्या भीतीत ठेवलं. शेवटी कळलं की सीटखाली माझा स्टीलचा डबा आणि त्यात चमचा होता. मी सांगितलं तर म्हणाले, "डबा टॅपेटावानीच वाजत व्हता, मी काय करू?"

बोलून झाल्यावर मी विचारायचो, "थेंब टाकले का?" ते म्हणायचे, "टाकले. तुमी तेल पाह्यलं का?" मी म्हणायचो, "पाह्यलं." दोघंही कधीकधी खोटं बोलत असू. पण विचारत होतो.

मग आली ती हळद.

बायकोला घेऊन गावी चाललो होतो. औंढ्याच्या अलीकडं गाडीच्या उष्णतेच्या काट्यानं एकदम वर उडी मारली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी फोन लावला.

"उघडू नका!" मामा ओरडले. "आदुगर थंड होऊ द्या. तोंड भाजून घ्याल. सावलीत बसा दोघं."

बसलो. थंड झाल्यावर बघितलं तर रेडिएटरच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं.

"बारीक हाय का मोठं?"

"बारीक."

"मंग हळद टाका. चिमूटभर. पाण्यात कालवून. छिद्र बुजतंय, घरापत्तुर येसाल."

हे आमच्या भागातलं जुनं औषध आहे. बाकीच्या ठिकाणी ड्रायव्हर काय करतात मला ठाऊक नाही. आमच्याकडं प्रत्येक घरात, प्रत्येक डिकीत हळद असतेच. आमच्याही डिकीत मामींनी मागच्या खेपेला दिलेली पिशवी होती. बायकोनं चिमूट काढून दिली. ती बघून माझ्या मनात आलं, एवढीशी चिमूट एवढ्या मोठ्या गाडीला काय पुरणार? चिमटीनं घरापर्यंत जातोय, तर दोन मुठींनी नांदेडपर्यंत जाऊ.

मी औषधं विकणारा माणूस आहे हे इथं पुन्हा सांगतो. एका गोळीनं बरं वाटतं म्हणून चार घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी रोज झापतो. आणि त्या दिवशी मी रेडिएटरात मुठीवर मूठ टाकत होतो. बायको म्हणत होती, "अवो बस की, भाजी करायची काय?"

गळती थांबली, हे खरं. सगळंच थांबलं. थोडं अंतर गेलो आणि गाडी अशी तापली की झाकणातून पिवळा फेस उतू यायला लागला. सगळ्या रस्त्यावर फोडणीचा वास. एक दुचाकीवाला थांबून विचारून गेला, इथं जेवण कुठं चालू आहे. शेवटी ट्रॅक्टरला बांधून आम्ही गावात शिरलो.

मामा अंगणात उभे होते. नीट दिसत नव्हतं, पण वास आला. ते बॉनेटपाशी आले, नाक पुढं केलं, बोटानं फेस चाचपला, बोट नाकाला लावलं.

"किती टाकली?"

"दोन मुठी," मी म्हणालो.

"चार," बायको म्हणाली.

मग मामा हसले. त्या माणसाला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ते बॉनेटला धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिले, मामींना बोलवून हसले, भिंतीपलीकडच्या भावकीला हाक मारून हसले. "अरे या, या! आमच्या पाव्हण्यानं गाडीला हळद लावली! आता वऱ्हाड काढा!" आणि मला बाजेवर बसायची आठवणसुद्धा कुणी केली नाही. त्या दिवशी मी आणि मामांनी मिळून, पाइप लावून, संध्याकाळपर्यंत ते रेडिएटर धुतलं. माझ्या हातात पान्हा होता. मामी ओसरीवरून बघत होत्या आणि काही बोलल्या नाहीत. निघताना मामींनी दिलेल्या पिशवीत एक वेगळी कागदाची पुडी होती. "ही गाडीची," मामा म्हणाले. "चिमूटच हाय. मोजून दिली."

तेव्हापासून दर खेपेला घरच्या हळदीसोबत गाडीची पुडी यायला लागली. मी ती समोरच्या कप्प्यात ठेवायचो.

इथं थांबता आलं असतं तर मी आज सुखी माणूस असतो.

पण गोष्ट गावभर झाली. मामा ती पारावर सांगायचे, लग्नात सांगायचे, आठवडी बाजारात सांगायचे, आणि प्रत्येक वेळी एक मूठ वाढायची. मी गावात शिरलो की कुणीतरी विचारायचं, "काय पाव्हणं, औंदा हळदीला भाव कसा हाय गाडीत?" सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर हसायचो. स्वतःवर हसण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण ते हसं मी सुरू केलेलं असावं लागतं. दुसऱ्यानं सुरू केलं की मला झोंबतं. हे माझं मलाही उशिरा कळलं.

मग मी गुपचूप शिकायला लागलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर व्हिडिओ बघायचो. रेडिएटर कसं चालतं, थर्मोस्टॅट काय करतो, तेल कुठल्या जातीचं. आणि एक दिवस, मामांना न विचारता, गाडी गॅरेजला घेऊन गेलो. मेकॅनिकनं नळ्या सोडवल्या, आतून पिवळा गाळ काढून हातात धरला आणि म्हणाला, "भाईसाब, इसमें दाल पकाई थी क्या?"

गॅरेजमधली सगळी हसली. मी त्याला म्हणालो, सगळं नवं टाक. रेडिएटर, नळ्या, बेल्ट, जे जुनं असेल ते.

दिवाळीला गावी गेलो. गाडी अशी चालली की तिचा आवाजच येईना. अंगणात मामांचे दोन-चार जुने सोबती बसले होते. मी उतरलो, आणि मामांनी त्यांच्याकडं तोंड करून, डोळा मिचकावून, नेहमीसारखं विचारलं,

"काय पाव्हणं, पाणी पाह्यलं का? का पुन्ना वरण शिजवून आणलं?"

सोबती हसायच्या तयारीत होते. मी हसायला हवं होतं, हे आता कुणालाही कळेल. एक वाक्य पुरे होतं. भात तेवढा राहिला, म्हणालो असतो तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "मामा, त्यात आता पाणी टाकत नाहीत. कूलंट असतं. आणि हळदीनं रेडिएटर वाया जातं, मेकॅनिकनं दाखवलं मला. ते असले उपाय आता कुणी करत नाही. मी सगळं बदलून घेतलंय. तुम्ही आता काळजी करू नका, मला येतं सगळं."

हे सगळं मी शहरी मराठीत बोललो, हेही लक्षात आहे. गिऱ्हाइकाला समजावताना बोलतो तसं.

मामांनी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले. आणि मग, "कवा निघाला व्हतात?"

"सकाळीच," मी म्हणालो.

"च्या घ्या."

आणि मामींनी बाजेवर नवी चादर टाकली.

परत निघताना पिशवीत घरची हळद होती. गाडीची पुडी नव्हती.

मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. हिंगोलीला पोचून मी फोन लावला. "मामा, स्टेपनीत हवा किती ठेवू?" ते म्हणाले, "गॅरेजवाल्याला इचारा. त्याच्यापाशी मशीन हाय." रागानं नव्हे. रागावले असते तर मी उड्या मारल्या असत्या. जावयाशी बोलतात तसं, आदरानं म्हणाले. मी म्हणालो, "थेंब टाकले का?" ते म्हणाले, "व्हय." पुढं काही नाही. तेल पाह्यलं का, असं तिकडून आलंच नाही.

मग मी प्रश्न बनवायला लागलो. माझ्या हातून आपोआप होणाऱ्या चुका मी आता ठरवून करायला बसलो, आणि तुम्हाला सांगतो, ठरवून येडेपणा करणं फार अवघड काम आहे. "मामा, मी पेट्रोलच्या टाकीत डिझेल टाकलं तर काय होईल?" "टाकू नका." "मामा, डाव्या बाजूनं टकटक येतंय, ऐकता का?" मी फोन इंजिनापाशी धरला आणि दुसऱ्या हातानं पान्ह्यानं बॉनेटवर वाजवत राहिलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगली चालून राहिली." बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काहून ठोकून राहिले? डॉक्टरकडं जायचं का?"

शेवटचा उपाय म्हणून मी गाडी त्यांच्या दारात बंद पाडायची ठरवली. गावाच्या वेशीवर थांबलो, बॉनेट उघडलं आणि एका प्लगची वायर उपसून ठेवली. गाडी धडधडत, लंगडत, अंगणापर्यंत आणली. तिथं एक गचका देऊन बंद केली. मी उतरलो आणि बाजेकडं न जाता बॉनेट उघडून उभा राहिलो, हातात पान्हा धरून, अगदी हतबल चेहरा करून. चेहरा त्यांना दिसणार नाही हे माझ्या लक्षात नव्हतं.

"अवो, पाव्हण्याची गाडी बंद पडली," मामी म्हणाल्या.

मामा ओसरीवरून उठले नाहीत. "तीनच सिलिंडरवर चालत आली," ते म्हणाले. "एका प्लगची वायर काढलेली हाय. लावा म्हणावं."

"सुटली असेल मामा. रस्ता खराब आहे."

"सुटत न्हाई ती. काढावी लागती."

मग ते उठले, भिंत धरत, चाचपडत गाडीपाशी आले. बॉनेटवर हात ठेवला. सगळ्या नव्या नळ्यांवरून त्यांची बोटं फिरली. बोटांना ओळखीचं काही सापडत नव्हतं, ते मला दिसत होतं.

"तुमचा पैला दिवाळसण ध्यानात हाय का?" त्यांनी विचारलं.

होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी. आम्हाला ते हिंगोलीला सोडायला येणार होते आणि सकाळपासून गाडी सुरू होत नव्हती. मामा दिवसभर बॉनेटमध्ये डोकं घालून होते आणि मी बाजेवर बसून लिंब बघत होतो. उठून मदत करावी वाटत होतं, पण जावयानं उठायचं नव्हतं. शेवटी आम्ही आणखी एक मुक्काम केला. बायको खूश होती. ती आईजवळ झोपली.

"कॉइलची वायर म्या काढली व्हती," मामा म्हणाले. "खिशात ठिवली व्हती. पोरगी एक रात तरी राहीन म्हणून."

मामी तिथंच उभ्या होत्या. त्यांना हे माहीत नव्हतं, त्यांच्या तोंडावरून कळलं.

मामांनी लोंबती वायर चाचपून धरली, अंदाजानं प्लग शोधला आणि दाबून बसवली. "पाव्हणं," ते म्हणाले, "खोटं बंद पडलेल्या गाडीला मी काय सांगू? खरी पडू द्या. मंग इचारा."

"व्हय," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी खऱ्या बिघाडाची वाट बघतोय. पण गॅरेजवाल्यानं काम चोख केलं आहे. माझ्या आयुष्यात मी निवडलेला एकच माणूस लायक निघाला, तो इथं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. काटा मधल्या रेघेवर असतो. ब्रेक किरकिरत नाहीत. मी रोज सकाळी तिच्यासमोर ओणवा होऊन खाली बघतो, कुठं थेंब पडलाय का, तेलाचा डाग आहे का. जमीन कोरडी असते. शेजारी म्हणतात, गाडीवर किती जीव आहे या माणसाचा.

आणि मधल्या काळात मामांचे कान मंदावले. आधी मला कळलं नाही, कारण आम्ही बोलतच किती होतो? मी 'सकाळीच' म्हणायचो आणि ते पुन्हा 'कवा निघाला' विचारायचे. मला वाटायचं, अंतर राखून बोलतायत. मग बायकोनं सांगितलं की फोनवर त्यांना आता नुसता गोंगाट ऐकू येतो. कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी डबीत ठेवलंय. कुईकुई करतं म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात मी गाडीचा एसी दुरुस्त करून घेतला. माझ्या ताब्यात आल्यापासून तो कधी चाललाच नव्हता. पहिल्याच दिवशी सेनगावला जाऊन आलो, गाडी घरासमोर लावली, आणि जरा वेळानं सवयीनं खाली वाकून बघितलं.

थेंब पडत होते. डाव्या बाजूला जमिनीवर हाताएवढं ओलं झालं होतं.

मला ते काय आहे खरोखर माहीत नव्हतं. नवं रेडिएटर गळतंय, असंच वाटलं. आधी मी हबकलो, आणि लगेच इतका खूश झालो की तिथंच जमिनीवर बसून फोन लावला. मामींनी उचलला.

"मामी, मामांना द्या. गाडी गळून राहिली! खरंच गळून राहिली!"

"त्यांना फोनवर ऐकू येत न्हाई बाबा. काय सांगू सांगा."

"म्हणा, खाली पाणी सांडून राहिलं. काय असंल?"

मामींनी मोठ्यानं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग लांबून मामांचा आवाज आला, पूर्वीचा, बॉनेटखालचा.

"कोण्या बाजूला?"

"डाव्या," मी म्हणालो, आणि मामींनी ते ओरडून पुढं दिलं.

"बोट लावून पाहा म्हणावं. चिकट हाय का? रंग हाय का?"

मी बोट लावलं. गार होतं. स्वच्छ होतं. "साधं पाणी आहे, मामी. गार."

ते पोचायला वेळ लागला. मी फोन कानाला दाबून धरला होता. आत्ता म्हणतील, आरं येड्या. आत्ता म्हणतील, फोन इंजिनापाशी धरा. मी बॉनेट उघडून ठेवलं होतं, इंजिन चालू करायला किल्ली हातात होती.

"एसीचं पाणी हाय ते," मामा मामींना म्हणाले. "गाडीला काय झालेलं न्हाई. त्यांना ठावंच असंल, उगी इचारून राहिले मला बरं वाटावं म्हणून."

"ऐकलं का?" मामी मला म्हणाल्या. "एसीचं हाय म्हणतेत."

"मामी, त्यांना सांगा, मला ठावं नव्हतं. खरंच नव्हतं."

"आता काहून ओरडायला लावता? झोपायला निघाले ते. उन्हात फिरू नका लय," मामी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी समोरचा कप्पा उघडला. शेवटची पुडी अजून तिथंच आहे, दबून सपाट झालेली. गाडीखाली पाणी टपकत होतं. जरा वेळानं तेही थांबलं.